सरांसाठी दोन ओळी

पत्र

ताई, नमस्कार.

मी नाशिकमध्ये एका वृत्तपत्र समूहाच्या आवृत्तीत मुख्य उपसंपादक आहे. २००३ साली एम.ए. करून नोकरी शोधत फिरत होते, तेव्हा आमच्या त्या वेळच्या निवासी संपादकांनी मला डेस्कवर घेतलं. बातमी कुठून कापायची, शीर्षकात क्रियापद का हवं, फोन वाजला की आधी पेन का उचलायचं, हे सगळं सरांनी शिकवलं. बाळंतपणानंतर मी दहा महिने घरी होते. व्यवस्थापन माझी जागा भरायला निघालं, तेव्हा सर भांडले आणि माझी खुर्ची राखली. माझ्याशी ते कधी, अगदी एकदाही, वावगं वागले नाहीत. पुढे ते मुंबईला गेले, समूह संपादक झाले, वाहिनीही त्यांच्याकडे आली. मंत्री त्यांच्या फोनची वाट बघायचे.

मागच्या महिन्यात मुंबई कार्यालयातल्या चोवीस वर्षांच्या एका बातमीदार मुलीने अंतर्गत समितीकडे त्यांच्याविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली. सरांना रजेवर पाठवलंय. ते परत येत नाहीत, असं सगळे म्हणतात.

परवा रात्री सरांचा फोन आला. "तू मला मुलीसारखी. इतक्या वर्षांत मी तुझ्याशी कसा वागलो ते दोन ओळींत लिहून दे, समितीला द्यायचंय." इकडे जुन्या सहकाऱ्यांनी पाठिंब्याचं पत्रक काढलंय. एकेचाळीस सह्या झाल्यात आणि माझी वरच्या पाचांत हवी म्हणतात. आई म्हणते, ज्याचं मीठ खाल्लं त्याला जागावं. नवरा म्हणतो, कुणाच्याच बाजूने काही लिहून देऊ नकोस.

एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितलेली नाही. सात वर्षांपूर्वी मनमाडची एक मुलगी आमच्याकडे प्रशिक्षणार्थी होती. सर नाशिकला आले की तिला केबिनमध्ये थांबवून घ्यायचे. एका रात्री पान छपाईला सुटल्यावर टपरीवर चहा पिताना तिने मला काय घडलं ते सांगितलं. मी म्हणाले, "सर तसे नाहीत गं. आणि असले तरी मनावर घेऊ नको, कामाची पाळी बदलून घे." दोन महिन्यांत तिने नोकरी सोडली, पत्रकारिताही सोडली. माझं ते वाक्य आता मला झोपू देत नाही.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या फॉक्स न्यूज वाहिनीचे प्रमुख रॉजर एल्स यांच्या राजीनाम्याची बातमी मीच भाषांतरित केली होती. तेव्हा ते सगळं किती लांबचं वाटलं होतं.

मी काय करू? लिहून दिलं नाही तर कृतघ्न ठरेन का?

ऋणाईत, नाशिक रोड

(तिचा नंबर अजून माझ्याकडे आहे.)

उत्तर

प्रिय ऋणाईत,

लिहून द्या. पण दोन ओळी नकोत, पूर्ण पान लिहा, आणि ते सरांच्या हातात न देता थेट समितीकडे पाठवा. २००३ साली सरांनी दिलेली नोकरी, राखलेली खुर्ची, "माझ्याशी कधीही वावगं वागले नाहीत" हे वाक्य, सगळं त्या पानावर येऊ द्या, कारण ते खरं आहे. आणि त्याच पानावर टपरीवरची ती रात्रही येऊ द्या. तीही खरीच आहे.

सर तुमच्याशी चांगले वागले यावर माझा पूर्ण विश्वास आहे, हे आधीच सांगते. तुम्ही कृतज्ञ आहात यात लाजण्यासारखं काही नाही. बाळंतपणानंतर बाईची खुर्ची राखणारा वरिष्ठ अजूनही सहज भेटत नाही, आणि ज्याने शीर्षक लावायला शिकवलं त्याचा हात आपल्या प्रत्येक शीर्षकावर राहतो. मी स्वतः चौदा वर्षं डेस्कवर काढली आहेत. पान लावणाऱ्या माणसाचं नातं कसं असतं ते मला ठाऊक आहे. रात्री दोन वाजता ज्याच्यासोबत पहिली छापील प्रत हातात घेतली, त्याच्याविषयी वाईट ऐकायला कान तयार होत नाहीत.

पण त्या चांगुलपणातून काय सिद्ध होतं ते नीट पाहा. डेस्क सोडल्यावर मी सातपूर आणि अंबडच्या काही कारखान्यांच्या समित्यांवर बाह्य सदस्य म्हणून बसले. एका चौकशीत, ओळख पटेल असं मी काहीच सांगणार नाही, एका अधिकाऱ्याच्या बाजूने नऊ बायकांनी सांगितलं की ते आमच्याशी सभ्यपणे वागतात. नऊही जणी खरं बोलत होत्या. मी घरी येऊन त्या नऊ नावांची यादी पुन्हा वाचली आणि माझ्या लक्षात आलं की त्यातली प्रत्येक जण कायम नोकरीत होती, नाशिकचीच होती, कुणाचा भाऊ युनियनमध्ये तर कुणाचा नवरा शेजारच्या खात्यात. तक्रार करणारी मुलगी कंत्राटी होती, खोली घेऊन एकटी राहायची. ज्यांच्यामागे कुणी उभं होतं त्यांच्याशी साहेब सभ्य होते. जिच्यामागे कुणी नव्हतं ती त्या यादीत नव्हतीच.

आता तुमच्या दोघींकडे बघा. तुम्ही नाशिकच्या, घर-संसार असलेल्या, पाच-सहा वर्षांत डेस्कचा कणा झालेल्या. ती मनमाडहून आलेली, प्रशिक्षणार्थी, नोकरी पक्की व्हायची की नाही ते सरांच्या एका सहीवर. तुमचा अनुभव आणि तिचा अनुभव एकमेकांना खोडत नाहीत. दोन्ही एकाच माणसाचे असू शकतात.

तुम्ही एल्स यांची आठवण काढलीत, म्हणून त्यावर जरा थांबते. एजन्सीच्या बातमीत एवढंच मावलं असेल की २१ जुलै २०१६ रोजी फॉक्स न्यूजचे प्रमुख पायउतार झाले. त्या आधीचे पंधरा दिवस बातमीत मावत नाहीत, आणि तुमच्या कामाचे आहेत ते तेच.

एल्स हे साधंसुधं नाव नव्हतं. ओहायोतल्या एका लहान गावातला मुलगा ऐन तारुण्यात टीव्हीवरच्या लोकप्रिय कार्यक्रमाचा निर्माता झाला. १९६८ मध्ये निक्सन यांच्या अध्यक्षपदाच्या प्रचारात टीव्हीची बाजू त्यांनी सांभाळली, पुढे रेगन आणि थोरल्या बुश यांनाही सल्ला दिला. ७ ऑक्टोबर १९९६ ला त्यांनी फॉक्स न्यूज सुरू केली आणि २००२ च्या सुरुवातीला प्रेक्षकसंख्येत सीएनएनला मागे टाकलं. वाहिनीवर कोण दिसणार, किती वाजता दिसणार, कुणाचा करार वाढणार, हे त्यांच्या खोलीत ठरायचं. तिथल्या कितीतरी निवेदिकांना घडवलं तेही त्यांनीच, हे कुणी नाकारत नाही.

६ जुलै २०१६ ला ग्रेचेन कार्लसन या निवेदिकेने न्यू जर्सीत त्यांच्यावर लैंगिक छळाचा खटला भरला. तिचा करार जूनमध्ये संपला होता आणि वाढवला गेला नव्हता. करारात अशी अट होती की वाद झाला तर न्यायालयात न जाता बंद दाराआड लवादाकडेच जायचं. म्हणून तिने कंपनीला बाजूला ठेवून एल्स यांच्यावर व्यक्तिशः दावा लावला. खटल्याची बातमी फुटली आणि लगोलग वाहिनीवरच्या नावाजलेल्या बायका पुढे येऊ लागल्या. कार्लसनच्या बाजूने नाही, एल्स यांच्या. आम्ही इतकी वर्षं त्यांच्यासोबत काम केलं, आमच्याशी ते असे कधी वागले नाहीत, असं त्या सांगत होत्या. ग्रेटा व्हॅन सस्टरेन त्यांतल्याच एक, वकिलीतून आलेल्या, पुराव्याचं वजन जाणणाऱ्या. काही महिन्यांतच त्यांना जाहीरपणे लिहावं लागलं की मी कार्लसनवर विश्वास ठेवला नाही याचा मला पस्तावा आहे. त्या खोटं बोलल्या होत्या असं मी म्हणत नाही. त्यांनी आपल्या वाट्याला आलेलं खरं सांगितलं, आणि त्या खऱ्याचा वापर दुसऱ्या बाईला खोटी ठरवण्यासाठी झाला. तुमच्याकडून मागितलेल्या दोन ओळींचा वापर नेमका याचसाठी व्हायचा आहे.

त्याच वाहिनीवर मेगिन केली होती. २०१३ पासून रात्रीचा मोक्याचा कार्यक्रम तिच्याकडे होता आणि तो एल्स यांनीच दिलेला. तिच्यावरही बाजू घेण्याचा दबाव आला. तिने जाहीरपणे एक शब्द काढला नाही. कंपनीने चौकशीसाठी वकील नेमले तेव्हा त्यांच्यासमोर मात्र तिने सांगितलं की दहाएक वर्षांपूर्वी, ती नवी असताना, एल्स तिच्याशीही तसंच वागले होते. ज्याने मोठं केलं त्याच्याविषयी तिने हे सांगितलं, आणि जिथे सांगायला हवं तिथे सांगितलं. तुमच्या पत्रात "कृतघ्न" हा शब्द वाचला तेव्हा मला तिचीच आठवण झाली.

एल्स यांनी सगळे आरोप शेवटपर्यंत नाकारले. मे २०१७ मध्ये ते वारले. कंपनीने सप्टेंबर २०१६ मध्ये कार्लसनला दोन कोटी डॉलर दिले आणि तिची जाहीर माफी मागितली. एल्स यांना जाताना सुमारे चार कोटी मिळाल्याचं तेव्हा छापून आलं होतं, आणि मालकांनी निरोपाच्या निवेदनात त्यांच्या योगदानाचा गौरव केला, आरोपांबद्दल त्यात काही नव्हतं. गौरव करणारे मोठ्या माणसाला कधीच कमी पडत नाहीत. कार्लसन मात्र तिथे थांबली नाही. लवादाच्या त्या अटीविरुद्ध तिने काही वर्षं लढा दिला, आणि मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत कायदा झाला की लैंगिक छळाच्या तक्रारीत अशी सक्ती चालणार नाही.

ही झाली अमेरिका. तुमच्या टपरीवरच्या रात्रीशी जास्त जवळची गोष्ट आपल्याकडची आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये एम. जे. अकबर केंद्रात राज्यमंत्री होते. त्यांच्या संपादकपदाच्या काळातल्या वागण्याबद्दल अनेक महिला पत्रकारांनी लिहिलं. त्यांनी आरोप नाकारले, पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर बदनामीचा खटला भरला आणि मंत्रिपद सोडलं. रमाणी सांगत होत्या ती घटना १९९३ सालची. पंचवीस वर्षांपूर्वीचं कुणी कसं सिद्ध करायचं? रमाणी यांची एक मैत्रीण न्यायालयात उभी राहिली आणि तिने सांगितलं की त्याच रात्री रमाणींनी हे मला सांगितलं होतं. तिने स्वतः काही पाहिलेलं नव्हतं. तिने फक्त ऐकलं होतं, आणि ते विसरलं नव्हतं. १७ फेब्रुवारी २०२१ ला दिल्लीच्या न्यायालयाने रमाणींना निर्दोष सोडलं. बाईला आपली तक्रार कित्येक वर्षांनीही मांडता येते आणि प्रतिष्ठेच्या हक्कासाठी तिच्या सन्मानाचा बळी देता येत नाही, असं त्या निकालात आहे.

मनमाडच्या मुलीने तिची रात्र कुणाला सांगितली? तुम्हाला. तुम्ही तेव्हा तिला दिलेलं उत्तर चुकीचं होतं. पण तिचं वाक्य ज्या एका माणसाकडे शिल्लक आहे, ते माणूस तुम्हीच आहात.

आता कायद्याचं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा हा कायदा २०१३ सालचा, आणि त्याचं मूळ राजस्थानात आहे. भंवरीदेवी या साथीणीवर, म्हणजे सरकारी महिला विकास कार्यक्रमातल्या गावपातळीवरच्या कार्यकर्तीवर, बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केल्याबद्दल १९९२ मध्ये अत्याचार झाला. त्यातून सर्वोच्च न्यायालयात विशाखा खटला उभा राहिला आणि ऑगस्ट १९९७ च्या निकालाने कामाच्या ठिकाणासाठी पहिली नियमावली दिली. त्यानंतर कायदा यायला सोळा वर्षं लागली. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी महिला, आणि एक सदस्य बाहेरचा. तक्रार मालकाविरुद्धच असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. समितीची नावं कार्यालयात ठळक लावायची असतात. तुमच्याकडे सात वर्षांपूर्वी ती लावलेली होती का, आठवून पाहा. असली तर कदाचित पाण्याच्या मशीनमागे, कुणी वाचू नये अशा जागी असतील. तुम्ही त्या मुलीला "पाळी बदलून घे" म्हणालात, त्याऐवजी "या बाईंकडे जा" म्हणायला तुमच्यासमोर एक नाव असायला हवं होतं. ते नसेल तर तो दोष एकट्या तुमचा नाही. थोडा तुमचाही आहे.

समितीला साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. दोन्ही बाजूंना म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, म्हणून सरांनी आपल्या बाजूचे साक्षीदार मागणं हा त्यांचा हक्कच आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कलम १४ तुम्ही वाचलेलं असावं. आपल्याकडे ते कायम खोट्या तक्रारीच्या धाकासाठी सांगितलं जातं. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही, हेही तिथेच लिहिलेलं आहे आणि ते कुणी सांगत नाही. त्याच कलमात साक्षीदाराबद्दलही आहे. खोटी साक्ष दिली तर साक्षीदारावर कारवाईची शिफारस समिती करू शकते. तुम्ही सरांनी मागितलेल्या दोनच ओळी दिल्यात तर ती खोटी साक्ष होणार नाही, हे मान्य. पण कुणी समोर बसवून "आणखी कुणी तुम्हाला कधी काही सांगितलं होतं का" असं विचारलं, तर काय उत्तर देणार आहात? मी समितीवर असते तर पहिला प्रश्न हाच विचारला असता.

तिची स्वतःची तक्रार या कायद्याखाली आता मुदतीत बसणार नाही. घटनेपासून तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी तीन, एवढीच मुदत असते. पण आजच्या चौकशीत तुमचं निवेदन घ्यायचं की नाही, त्याला किती वजन द्यायचं, हे समितीने ठरवायचं आहे. तुम्ही आधीच त्यांच्या वतीने ठरवून गप्प बसू नका.

ते पान कसं लिहायचं? बातमी लिहिता तसं. सरांनीच शिकवलंय ना तुम्हाला, पाहिलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं आणि वाटलेलं वेगळं. केबिनमध्ये थांबवून घेताना तुम्ही पाहिलंत ते पाहिलं म्हणून लिहा. टपरीवर ऐकलंत ते तिच्या शब्दांत, जितकं आठवतं तितकंच लिहा. तिचं नाव घालू नका, ते तिच्या परवानगीशिवाय तुमच्या हातून जायला नको. "एका प्रशिक्षणार्थी मुलीने मला सांगितलं" इतकं पुरे, आणि समितीने विचारलं तर तिला विचारून सांगते म्हणा. तुम्ही तिला काय उत्तर दिलंत तेही लिहा. हात तिथेच अडखळेल, मला माहीत आहे. पण ते वाक्य पानावर असेल तर कुणाला असं म्हणता येणार नाही की ही बाई आता वाहत्या गंगेत हात धुऊन घेतेय. स्वतःला वाचवून दुसऱ्यावर बोट ठेवणारी साक्ष आणि स्वतःची चूक सांगणारी साक्ष यांतला फरक समितीला कळतो. कागद अध्यक्षांच्या नावे द्या, एचआरकडे नको. तारीख घाला, पोच घ्या, एक प्रत घरी ठेवा.

सरांच्या त्या फोनचा उल्लेखही करा. ते धमकावत होते असं मी म्हणत नाही, घाबरलेला माणूस जुनी ओळख काढतोच. पण ज्याच्यावर चौकशी चालू आहे त्याने त्याच समूहात अजून नोकरी करणाऱ्या माणसाला रात्री फोन करावा, हे समितीला माहीत असायला हवं. सप्टेंबर २०१८ मध्ये सीबीएस वाहिनीवरच्या 'सिक्स्टी मिनिट्स'च्या प्रमुख निर्मात्यांची नोकरी गेली. त्यांच्यावर आरोप झाले होते, ते त्यांनी नाकारले होते. पण काढलं ते एका मेसेजमुळे. त्या आरोपांची बातमी करणाऱ्या त्यांच्याच वाहिनीच्या बातमीदार बाईला त्यांनी धमकीवजा मेसेज पाठवला होता. ज्याच्या हातात आयुष्यभर लोकांची नोकरी असते, त्याला आपल्या साध्या बोलण्यातही किती वजन आहे हे जाणवेनासं होतं.

पत्रकावर सही करू नका. एकेचाळीसातले किती जण त्या मुलीला ओळखतात? तिचं म्हणणं किती जणांनी ऐकलंय? तक्रार करणारीचं नाव, तिची ओळख पटेल असा तपशील आणि चौकशीतला मजकूर प्रसिद्ध करायला कलम १६ मनाई करतं, आणि अशी पत्रकं दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. वृत्तपत्रातल्या माणसांना हे सांगावं लागू नये. "मी समितीला माझं म्हणणं लेखी देतेय, म्हणून इथे सही करत नाही" एवढं बोला. कुणाच्या बाजूने दिलंय ते सांगायची गरज नाही.

आईंचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. खाल्ल्या मिठाला जागावं ही आपल्या घरांतून आलेली शिकवण आहे आणि ती खरी आहे. आईंना एवढंच विचारा की मीठ कुणी खाल्लं? तुम्ही खाल्लंत. मग फेडा तुम्ही. सरांच्या घरी जा, काकूंना भेटा. या दिवसांत त्यांच्याकडे कुणी फिरकत नसेल आणि या सगळ्यात त्यांचा काडीचा दोष नाही. सर आजारी पडले तर डबा न्या. उद्या कुणी विचारलं की तुम्हाला कुणी घडवलं, तर त्यांचं नाव घ्या, ते लपवू नका. हे ऋण तुमच्या वेळेतून, तुमच्या पैशांतून, तुमच्या मायेतून हवं तितकं फेडा. पण मुंबईतल्या त्या चोवीस वर्षांच्या मुलीने सरांचं कोणतं मीठ खाल्लंय? तुमचं देणं तिच्या पदरातून कसं चुकतं होईल?

तुमच्या यजमानांची भीती मात्र रास्त आहे. नोकरी त्याच समूहात आहे आणि मुलांची शिक्षणं चालू असतील. साक्षीदाराला त्रास होऊ नये ही जबाबदारी विशाखा निकालाने मालकावर टाकली होती, हे खरं. कागदावरची जबाबदारी आणि संपादकीय विभागातलं वातावरण यांत किती अंतर असतं हे तुम्ही वीस वर्षं पाहिलंय, हेही खरं. म्हणून निवेदनातच एक ओळ लिहा की हे निवेदन दिल्यामुळे माझ्या कामावर, बदलीवर, मूल्यमापनावर परिणाम होऊ नये अशी विनंती आहे. मुंबईला बोलावलं तर जाताना सोबत कुणाला तरी घ्या. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसमध्ये एकटं बसून तीन-साडेतीन तास हेच डोक्यात घोळवत जाऊ नका. सर परत आले तर काय, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो तुमच्या मनात आहे. ते येऊ शकतात. तक्रार सिद्ध होईलच असं मला सांगता येत नाही. तसं झालं तरी तुम्ही जे पाहिलं आणि ऐकलं तेवढंच लिहिलेलं असेल, आणि एकही शब्द मागे घ्यावा लागणार नाही.

सरांना काय सांगायचं? फोन उचला, टाळू नका. "सर, मी लिहिणार आहे, पण समितीला थेट देणार आहे, आणि मला माहीत असलेलं सगळं लिहिणार आहे." ते विचारतील, सगळं म्हणजे काय? वाद घालू नका, तपशीलात शिरू नका, त्या मुलीचा उल्लेखही करू नका. सर हुशार आहेत. त्यांना कळेल. पलीकडे शांतता पसरेल, ती तुम्हाला सहन करावी लागेल. रडू आलं तर येऊ द्या. ज्याच्यावर जीव होता त्याच्याविषयी खरं सांगताना रडू येणारच.

आता ती मुलगी. माझ्याही कानावर एकदा असंच आलं होतं, खूप वर्षांपूर्वी, आणि "आपण कशाला मध्ये पडा" म्हणून मी पाठ फिरवली होती. ती मुलगी पुढे कुठे गेली ते मला कळलं नाही. तेव्हा कुणाकडे कुणाचा नंबर नसायचा. मी तिला काय म्हणाले असते ते मनातल्या मनात कितीदा जुळवलं, पण पाठवायला पत्ताच नाही. तुमच्या पत्राच्या शेवटी कंसात लिहिलेली ती एक ओळ मी म्हणूनच पुन्हा पुन्हा वाचली.

तिला फोन करू नका. सात वर्षांनी अचानक नाव झळकलं तर ती उचलणार नाही, आणि उचलला तर तिला तिथल्या तिथे काहीतरी बोलावं लागेल. मेसेज करा, लहान. "त्या रात्री तू मला सांगितलंस ते माझ्या लक्षात आहे. मी तुला चुकीचं उत्तर दिलं. तू खरं सांगत होतीस हे मला तेव्हाही आतून कळत होतं. माफ कर. उत्तर द्यायची गरज नाही." मुंबईच्या तक्रारीचा विषय या मेसेजमध्ये नको. नाहीतर तिला वाटेल, साक्षीदार हवी म्हणून आठवण झाली. तो विषय ती बोलायला लागली तरच काढा, आणि ती नाही म्हणाली तर तिथेच थांबा. समितीला द्यायचं पान तिच्या उत्तरावर अडून राहू देऊ नका, ते तुमचं आहे. पण मेसेज आधी जाऊ द्या, पान नंतर. तिच्या आयुष्यातली गोष्ट तुमच्या हातून कुठे पोहोचायच्या आधी तुमची माफी तिच्यापर्यंत पोहोचायला हवी.

आणि मेसेज दिवसा पाठवा. पान सुटायच्या वेळी नको.